कावीळ : रोग एक की अनेक?

आपल्या खेड्यापाड्यांत कावीळ ही काही नवखी गोष्ट नव्हे. पावसाळा लागतो, ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी आडात-विहिरीत उतरते, आणि एखाद्या घरात कोणाचे तरी डोळे पिवळे दिसू लागतात. अन्नावरची वासना उडते, लघवी हळदीच्या पाण्यासारखी होते, अंगात त्राण राहत नाही. मग शेजारपाजारची मंडळी सल्ला द्यायला जमतात. कोणी म्हणते, अमक्या गावी कावीळ उतरवणारा आहे, त्याच्याकडे न्या. कोणी म्हणते, गळ्यात माळ घाला. कोणी हातावर डाग द्यायला सांगते, तर कोणी तेल, तूप, हळद सारे बंद करून रोग्याला नुसत्या उकडलेल्या अन्नावर ठेवते.

तुम्ही विचाराल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाचे या विषयात काय काम? काम आहे. इतिहास जसा राज्यांचा आणि लढायांचा असतो, तसा माणसाने आपले रोग कसे ओळखले याचाही असतो. काविळीचा इतिहास तर आपल्या अगदी दाराशी येऊन भिडतो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती आधीच सांगून टाकतो. कावीळ हे रोगाचे नाव नाही, ती रोगाची खूण आहे. धूर चुलीतून निघतो तसा पेटलेल्या गंजीतूनही निघतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. तसेच डोळ्यांच्या या पिवळेपणाचे आहे. त्यामागचे निरनिराळे रोग वेगळे करायला जगातल्या संशोधकांना शंभर वर्षे लागली, आणि त्या कामात आपल्या दिल्लीचा, काश्मीरचा आणि पुण्याचा मोठा वाटा आहे.

प्रथम माळेचीच गोष्ट घेऊ. रोग्याच्या गळ्यात वनस्पतीच्या ओल्या काड्यांची, दोऱ्यात गुंफलेली माळ घालतात. पहिल्या दिवशी ती गळ्यालगत असते, दोन-चार दिवसांत छातीवर येते, आणखी काही दिवसांत बेंबीपर्यंत लांबते. कावीळ माळेत उतरली, असे घरचे लोक समजतात. पण हीच माळ एखाद्या धडधाकट माणसाच्या गळ्यात घाला, किंवा नुसती खुंटीला टांगून ठेवा. तिथेही ती लांबते. कारण ओल्या काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल होतात आणि आत अडकलेला दोरा मोकळा होतो. चुन्याच्या निवळीने हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, त्याचेही तसेच. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. तो रस आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो, मग हात कोणाचेही असोत.

‘अहो, पण आमचा माणूस बरा झाला ना!’ असे तुम्ही म्हणाल, आणि ते खोटे नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळते. खरा प्रश्न आहे तो जे आपोआप बरे होत नाहीत त्यांचा. त्यांचे मोलाचे दिवस माळेकडे बघण्यात जातात. म्हणून खुंटीला टांगून पाहणे महत्त्वाचे आहे. उपाय केलेला आणि न केलेला, दोघे शेजारी ठेवून ताडून पाहायचे. रुग्णांवरच्या साऱ्या वैद्यकीय संशोधनाचा पाया एवढाच आहे. पुढे जे सांगणार आहे, त्यात हीच रीत पुन्हा पुन्हा दिसेल.

आता हा पिवळा रंग येतो तरी कोठून? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मोडल्या म्हणजे त्यांतून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत, म्हणजे लिव्हर, तो रक्तातून उचलते आणि पित्तात घालून आतड्यात सोडते. शौचाला जो नेहमीचा रंग असतो तो याच पदार्थामुळे. ही वाट तीन ठिकाणी बिघडू शकते. तांबड्या पेशीच प्रमाणाबाहेर मोडू लागल्या, तर यकृताला काम आवरत नाही. यकृतालाच सूज आली, तर ते रंग उचलून बाहेर टाकू शकत नाही. आणि पित्ताची नळी खड्याने किंवा गाठीने बंद झाली, तर रंग मागे फिरून रक्तात साचतो. तीनही वेळा डोळे पिवळेच. पण पहिल्यात रक्ताचा इलाज, दुसऱ्यात यकृताची काळजी, आणि तिसऱ्यात बहुधा नळीतला अडथळा काढण्याचा उपाय.

हा फरक आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेतून अगदीच सुटला होता असे नाही. चरकसंहितेत पांडुरोगाच्या प्रकरणात ‘कामला’ या नावाने काविळीचे वर्णन आहे. तिच्या एका प्रकारात शौच तिळाच्या पिठासारखे फिके होते, असे तिथे नोंदले आहे. पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा हेच होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हॉलंडमधील व्हान डेन बर्ग या वैद्याने रक्तातले बिलिरुबिन दोन प्रकारचे असते हे चाचणीने दाखवले. 1955 च्या सुमारास अमेरिकेत आणखी एक पाऊल पडले. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातली विकरे रक्तात उतरतात, ती मोजता येऊ लागली. आज तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेच्या कागदावर तुम्ही ‘एसजीओटी’, ‘एसजीपीटी’ अशी अक्षरे वाचता, ती या विकरांची नावे.

यकृताला सूज आली आहे, एवढे तर कळू लागले. पण ती का येते, हे कळायला साथींचा अभ्यास करावा लागला. 1883 साली जर्मनीतील ब्रेमेन येथे एका जहाजबांधणी कारखान्यात 1,289 कामगारांना देवीची लस टोचली. ती लस माणसांच्या अंगावरील फोडांतल्या लशीपासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या 191 जणांना कावीळ झाली. दुसऱ्या लशीने टोचलेले कामगार मात्र त्यातून सुटले. ल्यूरमान या डॉक्टरांनी ही तुलना 1885 साली छापून प्रसिद्ध केली. काविळीचे बीज माणसाच्या अंगातल्या द्रवातून सुईवाटे दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. तो नीट ध्यानात घेतला गेला नाही. 1942 साली अमेरिकन सैन्याला पीतज्वराची लस टोचली, तीत माणसाच्या रक्ताचा द्रव मिसळलेला होता. त्यातून सुमारे 50 हजार सैनिकांना काविळीने रुग्णालयात पडावे लागले. लढाईच्या ऐन वर्षात एवढे लोक अंथरुणाला खिळले, तेव्हा कोठे जगाचे डोळे उघडले. 1947 साली इंग्लंडमधील मॅक्कॅलम यांनी दोन नावे सुचवली: मैल्याने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून होते ती हेपॅटायटिस ए, आणि रक्तातून होते ती हेपॅटायटिस बी. म्हणजे एका काविळीच्या दोन झाल्या. शास्त्रज्ञांना वाटले, हिशेब पुरा झाला.

तो पुरा झालेला नव्हता, हे पुढे दिल्लीच्या एका साथीमुळे उघड झाले. 1955 सालच्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला आणि नदीचा प्रवाह सरकला. नोव्हेंबरमध्ये नजफगड नाल्याचे सांडपाणी मागे हटून वजिराबादच्या पाणीपुरवठा केंद्राच्या तोंडाशी येऊन भिडले. तिथल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवून शर्थ केली. टायफॉईड, हगवण यांची साथ आली नाही, त्यामुळे संकट टळले असे वाटले. पण डिसेंबर उजाडला आणि शहरात कावीळ पसरू लागली. जानेवारीअखेर ती ओसरली, तोवर सुमारे 29,300 लोकांना कावीळ होऊन गेली होती. पाणी दूषित झाले आणि डोळे पिवळे झाले यांत काही आठवड्यांचे अंतर पडले, कारण रोगबीज पोटात गेल्यावर रोग दिसायला तेवढा काळ लागतो. आजही साथीचे मूळ शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आज कावीळ दिसली तर दोष कालच्या पाण्याचा नसतो, महिना-दीड महिन्यामागच्या पाण्याचा असतो.

डॉ. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीची बारकाईने नोंद केली. त्या नोंदीत दोन गोष्टी खटकणाऱ्या होत्या. एक म्हणजे रोग मुख्यतः तरण्या माणसांना झाला होता. दुसरी फार दुःखाची. गरोदर स्त्रियांना ही कावीळ इतरांपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरत होती. पाण्यातून आलेली म्हणून ती त्या वेळी हेपॅटायटिस ए समजली गेली. पण त्या काळी आपल्या देशातल्या बहुतेक सर्वांना हेपॅटायटिस ए लहानपणीच होऊन जात असे, आणि ती एकदा झाली की पुन्हा होत नाही. मग तरणी माणसे हजारोंनी कशी पडली? कोडे सोडवायला चाचणी हवी होती, आणि ती तेव्हा नव्हती. काही रोग्यांच्या रक्तातला द्रव मात्र गोठवून जपून ठेवला गेला.

चाचण्या येण्यास पुढे वीसएक वर्षे लागली. अमेरिकेतील बरूक ब्लुमबर्ग हे निरनिराळ्या लोकसमूहांच्या रक्तातील आनुवंशिक फरक शोधत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक वेगळे प्रथिन सापडले. 1965 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि थोड्याच वर्षांत कळले की ते हेपॅटायटिस बीच्या विषाणूचे वरचे आवरण आहे. त्यामुळे दात्याचे रक्त दुसऱ्याला देण्याआधी तपासता येऊ लागले. या कामासाठी ब्लुमबर्ग यांना 1976 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 28 जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक हेपॅटायटिस दिन त्या दिवशी पाळतात. 1973 साली हेपॅटायटिस एचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि त्याचीही चाचणी झाली.

आता जुन्या रक्ताला विचारता येणार होते. 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. पुढे त्याचे नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. या संस्थेतील श्रीनिवासन, प्रसाद आणि खोर्शेद पावरी, आणि अमेरिकेतील वाँग व पर्सेल यांनी मिळून दिल्लीच्या साथीतले जपलेले रक्तद्रव, तसेच अहमदाबाद आणि पुणे येथील पुढच्या साथींतले नमुने तपासले. 1980 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ही कावीळ ए नव्हती आणि बीही नव्हती. पाव शतकापूर्वी कोणीतरी काळजीने चिठ्ठी लावून ठेवलेल्या नळ्यांनी ही साक्ष दिली. नोंद ठेवणाऱ्याला तिचा उपयोग त्याच्या हयातीत दिसेलच असे नाही, हे शाळेचे दप्तर जपणाऱ्या गुरुजींना वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास काश्मीरच्या खोऱ्यात हाच शोध दुसऱ्या वाटेने चालला होता. 1978 च्या नोव्हेंबरात तिथे मोठी साथ उद्भवली. सुमारे 200 गावे, अंदाजे 52 हजार रोगी आणि जवळजवळ 1,700 मृत्यू. गावे ओढ्यांचे पाणी पीत होती. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव घरे धुंडाळली, रोग्यांचे रक्त तपासून घेतले, आणि 1980 साली लिहिले की हा बहुधा मानवी काविळीचा आणखी एक वेगळा विषाणू असावा. त्यांनीही तेच पाहिले जे दिल्लीत दिसले होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही कावीळ बाईचा घास घेते.

विषाणू प्रत्यक्ष डोळ्यांना दिसायचा राहिला होता. 1983 साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी जे केले ते ऐकून अंगावर काटा येतो. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांत अशीच साथ आली होती. त्यांतल्या नऊ रोग्यांच्या शौचाचा अर्क बालायान यांनी स्वतः प्राशन केला. त्यांना पूर्वी हेपॅटायटिस ए होऊन गेली होती, म्हणजे ती पुन्हा होण्याची भीती नव्हती. छत्तिसाव्या दिवशी त्यांना कावीळ झाली. त्यांच्या शौचात सूक्ष्मदर्शकाने विषाणूचे कण दिसले. आज अशा प्रयोगाला कोणीही परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. 1990 साली या विषाणूची आनुवंशिक रचना हाती लागली आणि त्याला नाव मिळाले हेपॅटायटिस ई. आदल्याच वर्षी रक्तातून पसरणारा सी विषाणूही ओळखला गेला होता. त्या कामाबद्दल 2020 साली ऑल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उपचारांकडे वळू. रोग वेगळे ओळखता आले म्हणून उपाय वेगळे सापडले. बीविरुद्ध लस निघाली. आपल्या सरकारी लसीकरणात ती मोफत आहे आणि बाळ जन्मल्यावर पहिल्या 24 तासांत तिचा पहिला डोस द्यायचा असतो. सी वर 2013 नंतर अशा गोळ्या आल्या की बारा आठवड्यांच्या आसपास घेतल्या असता शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून बी आणि सी यांच्या चाचण्या व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. ए आणि ई साठी मात्र साध्या रोग्याला वेगळे औषध लागत नाही. विश्रांती, पाणी आणि पोषण, एवढ्यावर शरीर आपले काम करते.

पोषण कसले, हाही प्रश्न संशोधकांनी अंदाजावर सोडला नाही. कोरियातील युद्धाच्या काळात काविळीने आजारी पडलेल्या अमेरिकन सैनिकांवर जपानमधील क्योटो येथे टॉमस चामर्स आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना सक्तीने बिछान्यात ठेवले, काहींना झेपेल तसे हिंडू-फिरू दिले. काहींना नेहमीचे जेवण, काहींना प्रथिनांनी भरपूर असे सकस जेवण दिले. 1955 साली निकाल छापला गेला. झेपेल तसे हिंडल्याने अपाय झाला नाही, आणि भरपूर जेवणारे लवकर बरे झाले. पाहा, म्हणजे काविळीच्या रोग्याला पंधरा-पंधरा दिवस नुसत्या पेजेवर ठेवून आपण त्याची शक्तीच काढून घेत असतो. भूक लागेल तसे वरण, दूध, अंडे, उसळ त्याला खुशाल द्यावी. दारूला मात्र अजिबात शिवू नये, आणि कोणतीही चूर्णे, काढे किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज पोटात घालू नयेत. सुजलेल्या यकृताला कित्येक औषधांचा, पाल्याचाही, भार सोसत नाही.

आता आपल्या मुलखाकडे या. कोल्हापूर शहरात पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचा अभ्यास पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 1984 साली प्रसिद्ध केला. 2012 साली इचलकरंजीत हेपॅटायटिस ईची मोठी साथ येऊन हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले. म्हणजे यमुनेकाठी जे झाले ते पंचगंगेच्या खोऱ्यातही होऊ शकते. चीनमध्ये 2011 साली ईविरुद्धच्या लशीला मान्यता मिळाली, पण आपल्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात ती नाही. तेव्हा आपली भिस्त स्वच्छ पाण्यावरच.

म्हणून काही गोष्टी गावाने मनावर घ्याव्यात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो की नाही, आणि टोकाच्या घरातल्या नळाची ओटी चाचणी होते की नाही, हे विचारायला लाजू नका. गटारातून गेलेली नळाची गळकी पाइप आधी बदलून घ्या. दिल्लीचा धडा हा, की पाण्यात मैलाच भरपूर उतरला तर नुसत्या क्लोरीनवर विसंबता येत नाही. शंका असेल तेव्हा पाणी खळखळ उकळून घ्यावे. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी एका महिन्यात दोन-तीन मुले काविळीने गैरहजर दिसली तर नावे, वाडी आणि तारीख लिहून त्याच दिवशी आरोग्यसेविकेला कळवावे. साथीचा पहिला धागा बहुधा हजेरीपटावरच सापडतो.

रोग्याच्या घरच्यांनीही काही खुणा ओळखाव्यात. रोगी सुस्त पडला, असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, उलट्या थांबेनात, शौच पांढुरके झाले, किंवा कावीळ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, तर घरी थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, रक्त तपासून कावीळ कोणती ते विचारावे.

आणि घरात गरोदर लेकसून असेल तर तिच्यासाठी वेगळा नियम आहे. तिचे डोळे पिवळे दिसले तर उताऱ्याची, माळेची, शेजारणीच्या सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे. हेपॅटायटिस ईने अखेरच्या तीन महिन्यांत शंभरांतल्या वीस-पंचवीस बायका जाऊ शकतात, हे दिल्ली आणि काश्मीरपासून पुढच्या साऱ्या अनुभवाने शिकवले आहे. गावात साथ असो वा नसो, पावसाळ्याचे चार महिने तिच्या पिण्याच्या पाण्याची कळशी वेगळी ठेवावी, आणि त्या कळशीत उकळून गार केलेलेच पाणी भरावे.